सातवी चौकट

माझी वही अकरा हजार चारशे लोकांनी उतरवून घेतली, त्याच आठवड्यात मी मगदूम सरांना त्यांचं काम संपल्याचं सांगायला बोरजाईला गेले. केंद्रातून नुसतं पत्र पाठवूनही भागलं असतं. पण ज्या माणसानं मला दशांशचिन्ह शिकवलं त्याला पत्रानं कळवणं बरं दिसत नाही, असं मी कचेरीत सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला थोडं मिरवायचंही होतं.

बोरजाई माझं गाव. तासगावच्या पुढे, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे परातीसारखी खोलगट जमीन. फेब्रुवारी ते एप्रिल या गावात बेदाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. द्राक्षं उतरवायची, द्रावणात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर थरांनी पसरायची आणि पंधरा दिवस देवाचं नाव घेत बसायचं. हवा कोरडी राहिली तर हिरवापिवळा, चमकदार बेदाणा. एखादी रात्र दमट गेली की माल काळा पडलाच म्हणून समजा. माझ्या अक्काचं, संजीवनीचं, शेड गावाच्या अगदी तळाशी आहे. तिच्या जाळ्यांवर आठ दिवसांची द्राक्षं पसरलेली होती.

सर अंगणात कोथिंबीर निवडत बसले होते. वय सत्त्याहत्तर. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात आणि तोही घड्याळ लावून.

"ये पद्मजा. मोठी झालीस म्हणे."

"वही पाहिलीत का सर माझी?"

"पाहिली. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत."

ही वही म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्या केंद्रातला महासंगणक देशावरच्या हवेचे दोन-दोन किलोमीटरचे डबे पाडतो आणि प्रत्येक डब्यात पुढे किती उष्णता, किती ओल, किती वारा असेल त्याचं गणित तासातासाला मांडतो. यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. असे चाळीस वर्षांचे डबे साठलेले आहेत. ते कुणाला घरी नेता येत नाहीत, इतका तो ढीग आहे. म्हणून माहितीकडे वही पाठवायची. वहीत एकाखाली एक चौकटी असतात. काही चौकटींत साधं मराठी, काहींत संगणकाला दिलेल्या सूचना, आणि सूचनेखाली लगेच तिचं उत्तर किंवा आलेख. वाचणाऱ्याला नुसतं उत्तर दिसत नाही, ते कसं काढलं तेही दिसतं. पटलं तर वही उतरवून घ्यायची, गावाचं नाव बदलायचं, आपल्या पिकासाठी चालवायची. बेदाणा, हळद, सुकवायची मिरची, कुणी काय तर कुणी काय. दोन हजार अडतीस साली शेतकरी 'हवामान काय म्हणतंय' असं विचारत नाही, 'वही काय म्हणतीय' असं विचारतो. आणि गेल्या दोन हंगामांपासून वहीचं उत्तर थेट शेडच्या मोटरींना जातं. वही म्हणाली की पडदे आपोआप खाली.

माझ्या बेदाणा-वहीत चौदा चौकटी होत्या. त्यांतली सातवी सरांची होती.

त्याला कारण बोरजाईची परात. दोन किलोमीटरच्या डब्याला मॉडेल ओलीचा एकच आकडा देतं. पण त्या एका डब्यात आमचा डोंगरमाथाही येतो आणि अक्काचं शेडही. दिवस मावळला की थंड हवा उतारावरून खाली घरंगळते आणि ओल घेऊन तळाशी बसून राहते. वर कोरडं, खाली दमट. मॉडेलला ते कळत नाही. सरांना कळतं. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पांढरी, झडपांची, चार पायांवर उभी अशी एक पेटी आहे. गाव तिला 'सरांचं कपाट' म्हणतं. आत दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेला. दोन्हींतल्या फरकावरून हवेतली ओल कळते. सरांनी ती रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, एकतीस वर्षं टिपली. लग्नाच्या वाढदिवशीही आणि काकी गेल्या त्या दिवशीही. सातवी चौकट हे सगळे आकडे मॉडेलशी ताडून एक तक्ता बनवायची: अमुक महिना, अमुक वारा, एवढे ढग असतील तर मॉडेलच्या आकड्यात एवढी ओल मिळवा. पुढच्या चौकटी तो तक्ता वापरायच्या.

फेब्रुवारीत केंद्रानं विचारलं, राज्यातल्या एकशे बारा निरीक्षकांच्या नोंदींची आता खरंच गरज आहे का? नमुना म्हणून मी माझ्या वहीतली सातवी चौकट पुसली, पुढच्या चौकटी पुन्हा चालवल्या आणि अचूकता पाहिली. त्र्याण्णव पूर्णांक चार टक्के. आधीही तेवढीच होती. अहवाल लिहिला, तो मंजूर झाला आणि माझं नाव वरच्या पदासाठी गेलं.

"म्हणजे माझ्या आकड्यांनी किती फरक पडत होता?" सरांनी विचारलं.

"अजिबात नाही, सर. दशांशापर्यंत तेच उत्तर आलं."

त्यांचा कोथिंबिरीवरचा हात थांबला. "अजिबात नाही? अगं, मी एकच तापमापक दोनदा वाचला तरी दशांशाचा फरक येतो."

"यंत्र तसं नसतं ना सर."

"नीट तपासलंस?"

"तीनदा चालवून बघितलं."

त्यांनी मान डोलावली. वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं, पण स्वतःच्या कामासाठी भांडणारा माणूस नव्हे तो. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "आकडा सांगेल ते ऐकायचं, हे मीच शिकवलंय तुम्हाला. कपाट कधी न्यायला येतील?"

"गुरुवारी. टेम्पो येईल."

"पुसून ठेवतो," असं म्हणून ते चहा करायला उठले. साखर किती, ते त्यांना विचारावं लागलं नाही. परतताना माझा मिरवायचा उत्साह कुठल्या कुठे गेला होता. पण मनाची समजूत काढायला मी पहिल्यापासून हुशार आहे.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला मला एक फोन आला. बाईचा आवाज, घाईतला, पण शब्द स्वच्छ.

"मी शाहीन मुजावर, विजयपूरहून. कॉलेजात भूगोल शिकवते. आमच्याकडचे बेदाणेवाले तुमची वही वापरतात. मीच त्यांना लावून दिली. मंगळवारी आमच्या शेजारच्यांचा सगळा माल काळा पडला."

"वाईट झालं," मी म्हणाले. "पण तुमच्याकडची हवा वेगळी आहे. वही स्थानिक परिस्थितीनुसार..."

"मी हवेचं नाही बोलत, वहीचं बोलते. सहाव्या चौकटीनंतर एकदम आठवी आहे. सातवी कुठंय?"

"ती काढली. गरज नव्हती."

"गरज नव्हती तर अकराव्या चौकटीत 'फरक-तक्ता' कुठून येतो? मी ओळ न् ओळ वाचली, मॅडम. तो तक्ता कुठंच बनत नाही. आणि अगदी खाली, फिकट अक्षरांत सोबतीनं लिहिलंय: 'एक मूल्य सापडले नाही, शून्य धरले.'"

सोबती म्हणजे वहीघरातला, वह्या जिथून उतरवून घेतात त्या संकेतस्थळावरचा, मदतनीस प्रोग्राम. लोकांच्या वह्या मधेच अडू नयेत म्हणून सापडलं नाही त्या जागी काहीतरी भरून तो वही पुढे नेतो. फार मनमिळाऊ आहे. अकरा हजार चारशे लोकांना त्यानं माझी चूक दिसूच दिली नाही.

काय झालं ते मला लगेच कळलं. कारण आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम मी मोडला होता. वही चालताना संगणक प्रत्येक चौकटीचं उत्तर स्मरणात ठेवतो. चौकट पुसली तरी तिनं आधी काढलेलं उत्तर त्याच्या स्मरणातून जात नाही. म्हणून काही बदललं की स्मरण कोरं करायचं आणि पहिल्या चौकटीपासून पुन्हा सगळं चालवायचं. माझ्या वहीला चाळीस वर्षांची हवा उचलायला पाच तास लागतात. पाच तास कोण थांबतंय? मी तीनदा चालवलं होतं, पण तिन्ही वेळा आठव्या चौकटीपासून. मी पुसला होता तो सरांचा कागद. सरांचा तक्ता आत तसाच होता, मुकाट्यानं काम करत. उत्तर दशांशापर्यंत जुळलं, कारण ते सरांचंच होतं.

"मॅडम? आहात का?"

"आहे. शाहीनताई, तुमचं बरोबर आहे. मी तुम्हाला परत फोन करते."

मी केंद्राचं मुख्य पान उघडलं. बोरजाईच्या मोटरींना जाणारं उत्तर महिनाभर माझ्या त्या जुन्या, जिवंत स्मरणावरच चालू होतं. म्हणूनच गावाला धक्का लागला नव्हता. पण आज सकाळी विजेच्या कामासाठी यंत्रं बंद केली होती आणि आठ वाजता पुन्हा चालू झाली होती. कोरी. बोरजाईसमोर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: ओल अठ्ठेचाळीस टक्के, रात्री पडदे उघडे ठेवा.

दोन दिवस आभाळ भरून होतं, शेजारच्या तालुक्यात शिडकावा झाला होता. आज आभाळ मोकळं होत होतं आणि वारा पडला होता. ओलीनं परात भरायला याहून चांगला दिवस नाही. सातवी चौकट परत लिहून पहिल्यापासून चालवायची तर उत्तर संध्याकाळी सातनंतर. पडदे दिवस मावळायच्या आत पडायला हवेत. आणि सरांचं कपाट सकाळीच टेम्पोत चढलं होतं.

आधी मी अक्काला फोन लावला.

"अक्का, चारच्या आत पडदे टाक. सगळे."

"काय सांगतीयास? मोटर तर उघडं ठेव म्हणतीया. तुझीच वही हाय की गं ती!"

"वही चुकलीय. मी चुकलीय. मोटर बंद कर आणि हातानं टाक."

"हातानं? त्याचं हँडल कुठं पडलंय कुणाला ठावं! आणि बंद केलं अन् आत उबारा धरून माल गेला तर?" तिचा आवाज चढला. तिचं बरोबर होतं. कोरड्या रात्री पडदे लावले तर आतली वाफ आतच कोंडते आणि तेही मालाला मारकच. "नुसतं तू म्हणतीस म्हणून? गेल्या महिन्यात तूच म्हणलीस, माणसाचं ऐकू नका, वहीचं ऐका. गावात सभा घेऊन सांगितलंस."

सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

मग सरांना फोन केला. त्यांनी उचलल्यावर सगळं एका दमात सांगितलं. चौकट, स्मरण, पाच तास, शून्य. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तू फळा पुसलास आणि मग वर्गाला विचारलंस, येतंय का? पोरांनी धडाधड उत्तरं दिली. म्हणून तू ठरवलंस की मास्तरची गरज नाही."

"हो, सर."

"हं. आता रडू नकोस. कपाट तर गेलं. पण फिरकी आहे माझ्याकडे."

शाळेत आम्ही तिला फिरकी म्हणायचो. लाकडी चौकटीवर दोन तापमापक आणि मूठ. एकाच्या टोकाला ओली चिंधी बांधायची आणि हात वर धरून गरागरा फिरवायची. प्रयोगशाळेच्या कपाटातून ती काढताना सर आम्हाला दहा वेळा बजावायचे.

"खाली तुझ्या अक्काच्या शेडपाशी जाऊन मोजतो," ते म्हणाले. "तू फोन चालू ठेव."

पुढची वीस मिनिटं मी फोनवर त्यांचा श्वास आणि चपलांचा आवाज ऐकला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस उन्हातून, माझ्यामुळे, उतार उतरत होता. मग फिरकीची घरघर ऐकू आली. थांबली. पुन्हा घरघर झाली. सर दोनदा मोजल्याशिवाय आकडा सांगत नाहीत.

"कोरडा सत्तावीस. ओला तेवीस पूर्णांक दोन."

मी गणित केलं. बहात्तर टक्के, आणि तेही भर दुपारी. रात्री शेडच्या तळाशी पाणी ठिबकलं असतं.

"सर, लोकांना सांगाल? माझं ऐकणार नाहीत."

पंधरा मिनिटांत ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. अक्कानं मुद्दाम फोन धरला, म्हणून मलाही ऐकू आलं. "मी मगदूम बोलतोय. खालच्या अंगाला हवेत बहात्तर टक्के ओल आहे. वहीत आज चूक आहे. मोटरी बंद करा, पडदे हातानं टाका. ज्यांना हँडल सापडत नाही त्यांनी शाळेपाशी या." एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

चाळीस शेडांपैकी सदतीस सहाच्या आत बंद झाली. अक्काचं हँडल कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून लावलेलं सापडलं. तीन शेडांचे मालक लग्नाला गेले होते. त्यांचा माल सकाळी काळा निघाला. त्यांच्यातले एक आमचे सख्खे शेजारी, आणि त्यांच्या घरावरून जाताना मी आजही मान खाली घालून जाते.

शुक्रवारी हर्डीकर साहेबांनी मला आत बोलावलं. आमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक गोष्ट शांततेत मिटावी असं त्यांना मनापासून वाटतं.

"सातवी चौकट परत टाक," ते म्हणाले. "जुना तक्ता जपून ठेवलेला आहे ना? तोच घाल. 'किरकोळ सुधारणा' असा शेरा मार. कुणाला कळणार नाही. अहवालाला हात लावायची गरज नाही."

"आणि निरीक्षक?"

"तक्ता आहे तर निरीक्षक कशाला?"

"साहेब, दोन वर्षांपूर्वी बोरजाईत कालवा आला. तेव्हापासून तळाशी ओल वाढलीय, हे सरांच्या नोंदींत दिसतं. नवीन नोंदी आल्या नाहीत तर तक्ता हळूहळू खोटा होईल. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"पद्मजा, तुझं नाव वर गेलंय. एकशे बारा पेट्या आवारात येऊन पडल्यात. आता तू म्हणणार, मी चुकले?"

मी बाहेर येऊन शाहीनताईंना फोन लावला आणि त्यांना सगळं सांगितलं. तक्ता परत घालण्याबद्दलही.

"तो तक्ता बोरजाईचा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे डोंगर नाही, तलाव आहे. तुमचे आकडे घालून आमचा माल पुन्हा काळाच पडायचा. वही मी उतरवून घेतली, मॅडम. तुमचे मगदूम सर कुठून उतरवून घेऊ?"

त्यांना चिडायचा हक्क होता. पण त्या चिडून बोलत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. त्या प्रश्नानं माझं डोकं ठिकाणावर आणलं. मी नऊ वर्षं वह्या लिहिल्या. कुणीही, कुठेही वापरावी अशी वही लिहायची, याचा मला अभिमान होता. कुठेही चालावी म्हणून मी त्यातून माणूस काढून टाकला होता, आणि नेमकी म्हणूनच ती कुठेच धड चालत नव्हती.

दुपारभर बसून मी नवीन सातवी चौकट लिहिली. तिच्यात तक्ता नव्हता. एक प्रश्न होता: 'तुमच्या गावात हवा कोण मोजतं? नाव, जागा आणि आजचा आकडा लिहा.' उत्तर मिळेपर्यंत वही पुढे जाणार नाही, मोटरींना काही सांगणार नाही, आणि सोबतीला इथे काहीही भरायची परवानगी नाही. तिच्या वर साध्या मराठीत मी माझी चूक लिहिली. काय पुसलं, काय तपासलं नाही, कुणाचं नुकसान झालं आणि अहवाल का खोटा आहे. खाली माझं पूर्ण नाव, पद्मजा आण्णासाहेब चौगुले. मग ही दुरुस्ती लोकांनी उतरवून घेतलेल्या सगळ्या प्रतींना पाठवली.

संध्याकाळी पाच वाजता राज्यभर, आणि राज्याबाहेरही, अकरा हजार चारशे वह्या एकदम थांबल्या.

शिव्या किती आल्या ते सांगत नाही. हर्डीकर साहेबांनी शिवी दिली नाही, पण चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. वरच्या पदाचा विषय संपला, तो कायमचाच संपला असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी टेबल आवरलं. फार काही नव्हतं. आवारातून जाताना पेट्यांचा ढीग दिसला. सरांची पेटी ओळखायला वेळ लागला नाही. ती एकटीच पुसलेली होती. गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'बोरजाईस परत' असं लिहून मी सही केली आणि पेटी गाडीच्या टपावर बांधली.

रविवारी सकाळी सहाला आम्ही शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात उभे होतो. अक्कानं आणि मी आदल्या दिवशी पेटी जुन्याच चार खड्ड्यांत उभी केली होती. सरांनी पाणसळ लावून ती तीनदा सरळ करायला लावली. मग झडप उघडून बाजूला झाले.

"वाच."

"मी, सर?"

"माझ्या डोळ्यांना आता दशांश दिसायला त्रास होतो. दोन वर्षं झाली. भिंगानं वाचतो." ते पुटपुटल्यासारखं बोलले. "तुझा अहवाल आला तेव्हा वाटलं, माझंच वाचन बिघडलं असणार. म्हणून भांडलो नाही."

त्यांच्या गप्प बसण्याला मी त्यांचा मोठेपणा समजत होते. माझ्या एका दशांशानं त्या माणसाला एकतीस वर्षांवर शंका घ्यायला लावली होती. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी माझा दंड धरला.

"नंतर. आधी आकडा."

"कोरडा एकोणीस पूर्णांक सहा. ओला अठरा पूर्णांक एक."

"आता ते विसर. डोळे मीट, दहा अंक मोज, आणि पहिल्यापासून वाच."

मी डोळे मिटले, दहा मोजले, वाचलं. "एकोणीस पूर्णांक पाच. अठरा पूर्णांक एक."

"बघ, दशांशाचा फरक आला. म्हणजे माणसानंच वाचलंय." त्यांच्या मिशीत हसू आलं. "लिही."

शाळेच्या पायरीवर बसून मी मांडीवर यंत्र उघडलं. वही सातव्या चौकटीपाशी थांबून राहिली होती. दोन दिवसांत तिच्या बाजूला नावं जमू लागली होती. सगळ्यात वर 'शाहीन मुजावर, विजयपूर, तलावाचा काठ, सकाळी सहा.' तिच्याखाली जतचा एक पोस्टमन, पंढरपूरकडच्या दोघी बहिणी, घरी पाठवलेले जुने निरीक्षक एकेक करून परत आलेले. सगळी मिळून तीनशे नव्वद. अकरा हजारांपुढे काहीच नाहीत. पण परवा एकही नव्हतं.

'तुमच्या गावात हवा कोण मोजतं?' मी टाइप केलं: जिनगोंडा बाबगोंडा मगदूम.

सरांनी भिंग काढून वाचलं. "शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले. "आता खाली आणखी एक ओळ घाल. पुसणारी: पद्मजा चौगुले."

"वर चुकीखाली माझं नाव आहे की, सर."

"ते तू चूक झाली म्हणून लिहिलंस. हे रोज लिहायचं. मोजणाऱ्याच्या खाली पुसणारीचं नाव असलं की पुढची कुणी पुसायच्या आधी दोनदा बघेल. आणि माझे डोळे गेले की वरची जागाही तुझीच."

मी लिहिलं. मग यंत्राचं स्मरण कोरं केलं आणि वही पहिल्या चौकटीपासून लावली. कोपऱ्यात आकडा आला.

"पाच तास लागतील, सर."

"लागू देत," सर म्हणाले आणि पेटीची झडप लावून घेतली. "चल, चहा टाकतो."